मीच लिहिलेला कबुलीजबाब

नोकरीतली एखादी केस कायमची पुसून टाकायची मुभा मला कुणी दिली असती, तर मी हीच पुसली असती. बाकीच्या केसेस आठवायला मला डोकं खाजवावं लागतं, हिला लागत नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं, नाहीतर शिकागोच्या उपनगरात हा मराठी पोलीस आला कुठून, असा प्रश्न पडेल. वडील नागपूरहून इकडे कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. घरच्यांना मी डॉक्टर व्हायला हवा होतो. मी पोलीस झालो आणि आईने शेवटपर्यंत त्याबद्दल मला माफ केलं नाही. या घटनेच्या वेळी मला सत्तावीस वर्षं नोकरी झाली होती, त्यातली निम्मी डिटेक्टिव्ह म्हणून. गावाचं नाव आणि माणसांची नावं लिहीत नाही, कारण त्यांनी आधीच पुष्कळ भोगलंय.

२००७ सालचा जानेवारी. संध्याकाळचे पाच, म्हणजे इकडे त्या दिवसांत दिवे लागलेले असतात. पासष्टीची एक बाई बसमधून उतरून घरी चालली होती. मागून आलेल्या गाडीने तिला उडवलं आणि गाडीवाला न थांबता निघून गेला. बाई हॉस्पिटलात बेशुद्ध. ती दगावली असती तर गुन्हा फार वरच्या कलमात गेला असता. रस्त्यावर हेडलाइटच्या काचेचे तुकडे सापडले, ते आम्ही लॅबकडे पाठवले. साक्षीदार एकच, आणि त्याला आठवत होतं ते एवढंच की गाडी फिकट रंगाची होती.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. अमुक अपार्टमेंटच्या आवारात एक चंदेरी गाडी उभी आहे, तिचा उजवा दिवा फुटलाय, आणि कधी न झाकलेली ती गाडी दोन-तीन दिवस झाकून ठेवलीय. असा फोन करणारा बहुतेक शेजारीच असतो आणि पार्किंगवरून त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं, हा माझा अनुभव. पण म्हणून तो खोटं बोलतो असं नाही. सार्जंटने गाडीच्या मालकाचं नाव काढलं, कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, तुझी माणसं आहेत, तूच जा.

दार बायकोने उघडलं. तिशीतली, पुण्याची. मी मराठीत बोललो की इकडच्या मराठी लोकांचा जीव भांड्यात पडतो. हिचा चेहरा उलट पांढराफटक पडला. तेव्हाच मी मनात नोंद केली. गाडीबद्दल विचारलं तर म्हणाली, मीच किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये खांबाला ठोकली, नवीन शिकलेय. मग झाकली कशाला? त्यावर तिने वळून नवऱ्याकडे बघितलं. नवरा सोफ्यावर बसलेला. दाढी केलेली, स्वच्छ स्वेटर, आणि घरात हीटर चालू असताना डोक्यावर लोकरीची टोपी. शॉमबर्गच्या एका ऑफिसात तो सॉफ्टवेअरमध्ये होता आणि पाठीच्या दुखण्यामुळे चार महिने रजेवर होता, असं तिनेच सांगितलं. मी त्याला विचारलं, गाडी चालवतोस का? तो हसून म्हणाला, हो काका. तिने लगेच मध्ये तोंड घातलं की नाही, हल्ली चालवत नाही. एका घरात एका प्रश्नाला दोन उत्तरं मिळाली की पोलिसाला आणखी काय लागतं?

मी त्याला ठाण्यावर चल म्हणालो. तो उठला, जणू आम्ही फिरायला निघालो होतो. जॅकेटची चेन लावून देताना ती त्याच्या कानात काहीतरी पुटपुटली. पढवतेय, मी मनात म्हणालो.

माझी चौकशीची एक पद्धत होती, आणि ठाण्यात तिचं कौतुक होतं. मी आवाज चढवत नसे. आपला माणूस समोर असला तर काका होऊन बसायचं, अरे-तुरे करायचं आणि त्याला उतरायला पायऱ्या करून द्यायच्या. अंधार होता ना रे? काच धूसर झाली असेल? ती बाई एकदम पुढे आली असेल, तुझा तरी काय दोष? घाबरलास, व्हिसाचा विचार आला, म्हणून थांबला नाहीस, हो ना? त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले, मराठीत समजावले, समजलं का विचारलं. हो काका. वकील हवा का? नको काका. पुढे प्रत्येक पायरीवर हो काका. खोलीत उकडत होतं, त्याच्या कपाळावर घाम आला होता, तरी टोपी काढेना. काहीतरी लपवतोय, मला वाटलं. लपवत होताच, पण मी समजलो ते नव्हे.

मग तो आपणहून बोलायला लागला. ती बाई कशी कलंडली, तिचा एक हातमोजा रस्त्यावर कसा पडला होता, ते त्याने सांगितलं. माझे कान टवकारले. हातमोज्याची गोष्ट आम्ही बाहेर कुणाला सांगितलेली नव्हती. जो तिथे होता त्यालाच ती माहीत असणार. मी जबाब लिहून काढला, त्याला वाचून दाखवला, त्याने सही केली. सार्जंटने माझी पाठ थोपटली. खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली होती.

बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. नवऱ्याने कबूल केलंय, त्याला आज कोठडीत राहावं लागेल, असं मी तिला सांगितलं. मला वाटलं ती भांडेल. ती हळूच म्हणाली, "काका, त्याने खरंच केलं का हो? त्या वेळी मी खाली लाँड्रीत कपडे धूत होते. चावी घरातच होती."

हा प्रश्न मला खटकायला हवा होता. नवऱ्याने काय केलंय हे ती पोलिसाला विचारत होती. मी तो थकव्यावर ढकलला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला न्यायाधीशापुढे उभं करायचं होतं. मी माझ्या बायकोने दिलेला आल्याचा चहा थर्मासमधून घेऊन कोठडीत गेलो. तो छान हसला, उठून उभा राहिला आणि म्हणाला, "नमस्कार काका. तुम्ही महाराष्ट्र मंडळाचे का?"

आदल्या दिवशी हा माणूस माझ्यासमोर तीन तास बसला होता. सोंग घेणारे मी खूप पाहिलेत. सोंग घेणारा तुमच्या तोंडाकडे बघून अंदाज घेतो की पटलं का. हा तसा बघत नव्हता. तो खरोखर माझी ओळख शोधत होता, आणि सापडत नाही म्हणून ओशाळला होता.

काय सुचलं कोण जाणे, मी त्याला विचारलं, त्या दिवशी गाडीत तुझा कुत्रा होता ना रे? त्यांच्याकडे कुत्रा नव्हता. अपार्टमेंटमध्ये परवानगीच नव्हती.

तो म्हणाला, "हो काका. मागच्या सीटवर होता. खूप भुंकत होता."

मग आपण दोघं कॉफी प्यायला गेलो होतो, आठवतं? हो. तुम्ही दूध न घालता घेतलीत.

मी कोठडीच्या बाहेर आलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. टेबलावर जाऊन मी कालचा जबाब पुन्हा वाचला. अंधार, धूसर काच, व्हिसाची भीती. सगळं माझं होतं, त्याने फक्त सही केली होती. राहता राहिला हातमोजा. माझ्या फाइलला वरच घटनास्थळाचा, तो हातमोजा दिसणारा फोटो टाचलेला होता आणि फाइल तीन तास त्याच्यासमोर उघडी पडली होती. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत ही चूक नवख्या शिपायानेही करू नये.

त्याच्या बायकोला बोलावलं. आता काही लपवू नकोस, म्हणालो. ती रडली नाही. तिने नवऱ्याची टोपी काढली. कानाच्या वरून मागेपर्यंत टाक्यांचा व्रण होता, केस नीट उगवले नव्हते. सप्टेंबरमध्ये सायकलवरून पडून डोक्यात रक्तस्राव झाला होता. पाठीचं दुखणं ही कथा होती. मंडळात, ऑफिसात, पुण्याला सासू-सासऱ्यांनाही तीच. रजा फेब्रुवारीत संपत होती. डोक्याला मार लागलाय हे बाहेर फुटलं तर नोकरी जाणार, नोकरी गेली की व्हिसा जाणार, आणि त्याबरोबर विमा आणि उपचारही, अशी तिला धास्ती. तिच्या व्हिसावर तिला कामही करता येत नव्हतं. गाडी खरंच तिनेच खांबाला ठोकली होती, आणि झाकली होती तीसुद्धा मंडळातल्या कुणी दिवा पाहून, हल्ली गाडी कोण चालवतं, असं विचारू नये म्हणून.

"मीच त्याला शिकवलंय, काका," ती म्हणाली. "कुणी काही विचारलं की हसायचं आणि हो म्हणायचं. संक्रांतीच्या प्रोग्रामला दोन तास नेलं होतं, कुणालाच कळलं नाही. मला इतका आनंद झाला. काल निघतानाही तेच सांगितलं त्याच्या कानात."

लहानपणापासून मोठ्यांपुढे मान डोलावायची आपल्याला सवय. त्यात बायकोने घोटवून घेतलेलं हो. आणि समोर मुद्दाम काका होऊन बसलेला मी. या तिन्हींनी मिळून त्याला जवळजवळ तुरुंगात धाडलं होतं. सगळ्यात वाईट म्हणजे, माझं ऐकून तिलाही ते खरं वाटलं होतं. एकदा तो चावी घेऊन एकटाच निघून गेला होता आणि पेट्रोलपंपावर इंजिन चालू ठेवून बसलेला सापडला होता. त्यामुळे रात्रभर ती हाच विचार करत होती की आपण लाँड्रीत असताना तो गेला असेल का. आणि तो स्वतः? त्याला मी सगळं समजावलं तेव्हा तो म्हणाला, "काका, पण मी केलंही असेल. मी काय करतो ते मला कुठे कळतं?"

मी तडक लेफ्टनंटकडे गेलो आणि सांगितलं की माझा जबाब रद्दी आहे. तो भडकला. सही आहे, तपशील आहे, बाकीचं त्याचा वकील बघेल, म्हणाला. बाई तोवर शुद्धीवर आलेली नव्हती, वर्तमानपत्रवाले फोन करत होते. मला भीती वाटली, ती नोकरीची तर होतीच. पण त्याहून मोठी भीती अशी की मी गप्प बसलो तर हे सहज चालून जाईल. कोर्टात न्यायाधीश त्याला विचारणार, गुन्हा मान्य आहे का, आणि तो हसून हो म्हणणार. सरकारी वकील एक बाई होती, तिच्यासमोर मी त्याला पुन्हा बसवलं आणि तिलाच प्रश्न विचारायला सांगितलं. तिने विचारलं, गाडी लाल होती ना? हो मॅडम. हिरवी नव्हती ना? तो गोंधळला आणि म्हणाला, हिरवीही होती. वकीलबाईने पेन खाली ठेवलं. त्या दिवशी आरोप न ठेवता त्याला घरी सोडलं.

त्याच्या उपचार केंद्रातल्या थेरपिस्टने नंतर मला समजावलं. हा खोटं बोलत नाही. आठवणीत जिथे भोक पडलंय तिथे मेंदू मिळेल ते कोंबतो, आणि त्याला ते खरंच वाटतं. तुम्ही दिलंत ते त्याने कोंबलं, असं ती बाई माझ्या तोंडावर म्हणाली. तीन आठवड्यांनी लॅबचा अहवाल आला, काच त्याच्या गाडीची नव्हती. शेजारच्या गावातल्या एका गॅरेजवाल्याने पांढऱ्या व्हॅनची खबर दिली, तिच्या दिव्याला आमचे तुकडे बरोबर बसले. व्हॅनवाल्याने गुन्हा कबूल केला. या वेळी मी त्याला फक्त एवढंच म्हणालो की काय झालं ते सांग, आणि फाइल बंद ठेवून बसलो. जखमी बाई वाचली, काठी घेऊन चालायला लागली.

ऑफिसला शेवटी सगळं कळलंच. रजा वाढवून मिळाली, मग हलकं काम, मग तेही थांबलं. २००८च्या उन्हाळ्यात दोघं पुण्याला परत जायला निघाले. निघण्याआधी त्यांनी मला जेवायला बोलावलं. चहा त्याने केला. कपाटाच्या दारावर कृतीचा कागद चिकटवलेला होता, एकेक ओळ वाचून तो पुढे जात होता. बायको मुद्दाम लांब उभी होती आणि मध्ये बोलत नव्हती. मी काही विचारलं की तो थांबायचा, विचार करायचा आणि कधीकधी म्हणायचा, मला आठवत नाही. हे तीन शब्द म्हणायला शिकवण्यात थेरपिस्टचे सहा महिने गेले, असं त्याची बायको म्हणाली. मला फार बरं वाटलं.

जेवण झाल्यावर तो मला गाडीपर्यंत सोडायला आला. म्हणाला, त्या बाई कशा आहेत? बऱ्या आहेत, मी म्हणालो, आणि तो अपघात तू केलेला नाहीस.

"माहितेय, काका. डायरीत लिहिलंय, रोज सकाळी वाचतो. पण मला दिसतं ना. ती पडताना दिसते, तो ग्लोव्ह दिसतो. त्या हिवाळ्यातलं दुसरं काहीच राहिलं नाही माझ्याकडे, एवढंच राहिलंय."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीत बसलो.

त्यानंतर नोकरीच्या उरलेल्या वर्षांत मी कुणालाही पायऱ्या करून दिल्या नाहीत. नव्या पोरांना शिकवताना सांगायचो, प्रश्न विचारा आणि गप्प बसा, समोरचा पटकन हो म्हणाला तर खूश होऊ नका. त्याच्याआधी ज्यांच्याकडून मी हो वदवून घेतलं, त्यांतल्या कुणाच्या टोपीखाली काय होतं, हा विचार आला की मला आजही घाम फुटतो. तो विचार मी फार वेळ करत नाही, कारण माझी तेवढी छाती नाही.

पुण्याहून त्याचा अधूनमधून फोन येतो. तब्येत, हवापाणी हे सगळं नंतर. आधी मी त्याला सांगतो, तू त्या बाईला उडवलेलं नाहीस. तो ऐकून घेतो. मग विचारतो, "नक्की ना, काका?"

मी म्हणतो, नक्की. दर वेळी म्हणतो.