प्लग निघालाच नव्हता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी माझ्या रक्तातल्या साखरेचा खरा आकडासुद्धा सांगतो, यावरून काय ते समजा.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे. सावेडीच्या फ्लॅटमध्ये चार पाहुणे जमले की ही म्हणते, "अहो, ती प्लगची सांगा ना." मग मी उभा राहतो. कॉलेजात झाडणाऱ्या मावशी, त्यांचं पदर खोचणं, सर्व्हरच्या खोलीत निघालेला प्लग, माझी पळापळ — सगळं हातवाऱ्यांसकट. मेहुणा हसून हसून खोकतो. गोष्ट चांगलीच आहे. फक्त प्लग निघालाच नव्हता.

कसं सांगू? क्रमाने सांगतो — निदान क्रम तरी खरा असू दे.

मी एका कॉलेजात कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. आमच्या सर्व्हरमध्ये चार डिस्क. माहिती चारही डिस्कवर अशी वाटलेली, की एक मेली तरी उरलेल्या तिघी निभावून नेतात. प्रत्येकीपुढे बारीक दिवा — ठीक असेल तर हिरवा, मेली की लाल. खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करतो. त्या वर्षी मी मोठ्या भक्तीने चारही दिव्यांवर कुंकवाची बोटं ओढली. ओलं, चांगलं जाड. नंतर पुसलं का? पूजेचं कुंकू कोण पुसतं?

फेब्रुवारीत सर्व्हर रेंगाळायला लागला. नोंदी उघडल्या, तर एक डिस्क दिवाळीपासून मेलेली. म्हणजे तीन महिने कुंकवाखाली लाल दिवा जळत होता आणि मी रोज त्याच्यासमोर चहा पीत होतो. नोंदीत लिहिलं होतं — डिस्क दोन. मी नवी डिस्क आणली, डावीकडून एक, दोन असं मोजलं आणि दुसरी बाहेर ओढली. सर्व्हरवरचं लिनक्स शून्यापासून मोजतं — शून्य, एक, दोन. हे मी वीस वर्षं वर्गात शिकवतोय. मेलेली होती ती तिसरी. मी ओढली ती धडधाकट. म्हणजे आता चारातल्या दोनच उरल्या.

तिथेच हात थांबवला असता तर? तर बहुतेक सगळं परत आलं असतं. पण मी घाबरलो होतो. चांगली डिस्क टेबलावर तशीच ठेवली, तीन महिन्यांपूर्वी मेलेली, शिळ्या माहितीची डिस्क जिवंत आहे असं सर्व्हरला धरायला लावलं आणि संच जबरदस्तीने उभा केला. पडद्यावर फाइलसिस्टीमच्या चुकांच्या ओळी धावू लागल्या. मग दुरुस्तीची आज्ञा दिली — प्रत्येक प्रश्नाला आपोआप 'हो' म्हण, असं सांगून. ती संपली तेव्हा मुलांचे प्रोजेक्ट, अंतर्गत गुण, सगळ्याचा बिननावाच्या तुकड्यांचा ढीग झाला होता. बॅकअप? होता ना. त्याच सर्व्हरवर.

प्राचार्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "सकाळी झाडताना यूपीएसचा प्लग निघाला असावा." असावा — एवढंच म्हणालो होतो हो. संध्याकाळपर्यंत स्टाफरूममध्ये तो निघालाच होता.

मावशींना बोलावलं. त्या तिसगावच्या, नऊ वर्षं रोजंदारीवर. त्यांना कायम करायची फाईल त्याच महिन्यात संस्थेकडे गेली होती.

"म्या प्लगला हातबी लावला न्हाई, सायेब," त्या प्राचार्यांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सर, तुमीच सांगा. तुमाला कळतं त्यातलं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला काय वाटलं म्हणता? काही नाही. खरंच काही नाही — पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "मावशी, कधी कधी झाडूचा धक्का लागतो. कळतही नाही."

त्यांनी खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "आसल मग. सर म्हनत्यात तर लागला आसल."

फाईल परत आली. जूनपासून त्यांना कामावर बोलावलं नाही.

गोष्ट मी त्याच दिवाळीत सांगायला लागलो. मला वाटलं, चारदा सांगितली की मलाही तीच आठवेल. तसं झालं नाही. दोन्ही आठवतात.

मागच्या वर्षी पाथर्डीहून येताना तिसगावच्या बाजारात थांबलो. मावशी शेवग्याच्या शेंगा विकत बसल्या होत्या. त्यांनीच ओळखलं. शेजारणीला सांगितलं, "ह्ये आमच्या कालेजातले सर बरं का. माझ्या हातनं ह्यांचं लई मोठं नुकसान झाल्तं. पन येका शब्दानं बोलले न्हाईत मला."

मी हसलो. सवयीने.

त्यांनी जुडी बांधून पिशवीत घातली, पैसे काही घेईनात. मी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही. गाडीत बसलो, घरी आलो. संध्याकाळी हिने त्या शेंगांची आमटी केली. चांगली झाली होती. मी दोनदा वाढून घेतली.