हेनपेक्डचा अर्थ

नव्वदच्या आसपासची गोष्ट. अंबडच्या आमच्या गल्लीत इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी एकटीच, आणि आईला त्याचाच घोर होता. "पाव्हण्यांसमोर तोंड आवर," पोह्यांवर खोबरं पेरता पेरता तिनं बजावलं. आवरायचं मलाही होतंच. जालन्याचा तो मुलगा फोटोतच मनात भरला होता, आणि लग्नानंतर बी.एड. करू देऊ, असा त्यांच्याकडून निरोप होता.

मी बैठकीत जाऊन बसले. नाव, गाव, स्वयंपाक विचारून झाल्यावर मुलाच्या वडिलांनी मिशीवरून हात फिरवला. "इंग्रजी घेतलं म्हणं? मंग सांग बरं, हेनपेक्ड म्हंजी काय? अन् ह्यो शब्द आला कुठून?"

पुरुषमंडळी खुसखुसली. मुलगा खाली बघत राहिला. त्याची आई कोपऱ्यात पदर सावरत बसली होती. आल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती.

शब्द मला येत होता. "कोंबडी कोंबड्याला चोची मारते, पिसं उपटते, त्यावरून आला. म्हणजे बायकोच्या ताटाखालचं मांजर." तिथंच थांबायला हवं होतं, पण जित्याची खोड! "नवऱ्याच्या चोची खाणाऱ्या बाईसाठी मात्र इंग्रजीत असा शब्द मला सापडला नाही. आपल्यातही नाही."

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, चेहरा पडला. मुलाचे वडील मात्र मोठ्यानं हसले. "बिलकुल बराबर! हुशार हाये पोरगी. आमच्या घरात आली की दोन म्हैन्यांत ताळ्यावर येती." सगळे हसले. अण्णाही हसले, त्याचा मला जास्त राग आला.

निघताना मुलाच्या आईनं माझी ओटी भरली. कुंकू लावताना तोंड अगदी जवळ आणून ती पुटपुटली, "नको येऊ पोरी आमच्या घरी. मी बी लई बोलायचे."

आठवडाभरात त्यांचा होकार आला. आईनं देवापुढं साखर ठेवली, आणि मी नाही म्हणाले. आई रडली. अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं. खरं कारण सांगितलं असतं, तर ते फिरून त्या बाईच्याच अंगावर शेकलं असतं. म्हणून मुलगा पसंत नाही, असं सांगून टाकलं.

मुलगा तर मला फार आवडला होता.