सुधीररावांची किळस

आमच्या मेहुण्यांना, सुधीररावांना, कशाचीही किळस येते. खारघरला त्यांच्या फ्लॅटवर गेलं की चपला दाराबाहेर, मग बाथरूममध्ये पाय धुवायचे आणि मगच सोफ्यावर टेकायचं. पाहुण्यांचे कप वेगळे. उरणच्या एका कंटेनर गोदामात ते हिशेबनीस होते, तिथेही म्हणे स्वतःचं पेन कुणाला देत नसत. मात्र मोरीत अडकलेले केस काढणं, खरकटं उचलणं ही कामं या गृहस्थांनी जन्मात केलेली नाहीत. ती जयमालाताई करते, माझी थोरली बहीण. असल्या सोवळ्याचा मला मनापासून तिटकारा आहे.

त्यांचा एकुलता एक मुलगा पार्थ. इंजिनिअर झाला, चांगली नोकरी लागली आणि ती सोडून अंदमानातल्या अगदी टोकाच्या एका बेटावर जाऊन बसला. पर्यटकांना पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली न्यायचं आणि प्रवाळ दाखवून सुखरूप वर आणायचं, हे त्याचं काम. सोसायटीत कुणी विचारलं की सुधीरराव "मरीन लाइनला आहे" एवढंच सांगत. त्यांनी उरणला ओळखीनं त्याच्यासाठी नोकरी पक्की केली आणि घरी ये म्हणून तगादा लावला. शेवटी पार्थनं फोनवर शब्द दिला, "बाबा, एकदा माझ्याबरोबर पाण्यात उतरा. त्यानंतर तुम्ही म्हणाल तसं."

म्हणून आम्ही तिघं त्या बेटावर गेलो. पार्थ उन्हानं रापून काळा झाला होता, पण इतका खुशीत मी त्याला लहानपणानंतर पाहिला नव्हता. ताई त्याच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिली. सुधीररावांनी मात्र खोलीतली चादर हुंगून पाहिली आणि दुसरी मागवली.

संध्याकाळी ते एकटेच धक्क्यावर जाऊन आले, चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान. चौकशी केली तेव्हा कळलं की देव्हाऱ्यातलं महिनाभराचं निर्माल्य आणि त्यांच्या आईच्या वेळची, काच फुटलेली देवाची तसबीर ते खारघरहून बॅगेत घालून घेऊन आले होते. वाशीच्या खाडीत देव सोडायचे म्हणजे गटारात सोडण्यासारखं, इथलं पाणी कसं काचेसारखं, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, पिशवीसकट टाकलंत? तर म्हणाले, फुलं कुजून पाणी सुटलं होतं, ती पिशवी उघडणार कोण? माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंडाला येईल ते बोललो, ते शांतपणे हात धूत राहिले.

सकाळी पार्थनं आम्हा दोघांना धक्क्याजवळच पाण्यात उतरवलं, कारण नवख्यांना तिथेच नेतात. ताई किनाऱ्यावरच थांबली. मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकून ती चोळायची, ही तिथली रीत. पार्थनं बापाच्या मास्कमध्ये थुंकून अंगठ्यानं काच चोळली, तेव्हा सुधीरराव ओकायच्या बेतात आले. त्यांनी तो मास्क चारदा धुवायला लावला. मला धरायला निशांत नावाचा पार्थचा सोबती होता.

खाली गेलो आणि मी स्वतःला विसरलो. निळे, पिवळे मासे अंगाला खेटून जात होते आणि कानात फक्त आपलाच श्वास. पार्थ एका हातानं बापाची टाकी धरून दुसऱ्या हातानं एकेक गोष्ट दाखवत होता. बाप चक्क मान डोलवत होता. झाडासारखं फांद्या फुटलेलं एक मोठं प्रवाळ आलं, आणि त्याच्यावर ती पिशवी. खारघरच्या साड्यांच्या दुकानाची, पिवळीधमक, नाव-पत्त्यासकट. तसबिरीच्या वजनानं दोन फांद्या मोडल्या होत्या, आतला भाग हाडासारखा पांढरा दिसत होता. पार्थनं ती पत्त्याची ओळ वाचली, बापाकडे बघितलं, अलगद पिशवी सोडवून कमरेच्या जाळीत घातली आणि आम्हाला वर आणलं.

किनाऱ्यावर त्यानं पिशवी सुधीररावांच्या समोर ठेवली. आरडाओरडा नाही, काही नाही. म्हणाला, "बाबा, एवढी गाठ तुमच्या हातानं सोडा." सुधीररावांनी नाकाला रुमाल लावला, तोंड फिरवलं आणि ती आधी दूर कर म्हणून सांगितलं. स्वतःच्या देव्हाऱ्यातली फुलं! त्या क्षणी मला या माणसाचीच ओकारी आली.

ताई खाली बसली. तिनं गाठ दातानं सोडली. भपकारा सुटला, काळं पाणी तिच्या साडीवर सांडलं. कुजलेली फुलं तिनं वाळूत खड्डा करून पुरली, तसबीर पदरानं पुसून मांडीवर घेतली.

"हात साबणानं धू," सुधीरराव लांबूनच म्हणाले. मग मुलाकडे वळले. "मी पाण्यात उतरलो. आता तू सामान बांध."

पार्थचा चेहरा उतरला, पण शब्द दिला होता. तो "हो" म्हणाला आणि चालायला लागला. ताईनं तशाच बरबटलेल्या हातानं त्याचं मनगट धरलं.

"सगळा जन्म तुमची किळस मी निस्तरली," ती नवऱ्याला म्हणाली. "माझ्यानंतर ते काम याच्या गळ्यात घालू देणार नाही. हा इथेच राहील. आणि काही दिवस मीपण."

परतीच्या विमानात आम्ही दोघंच होतो. सुधीररावांनी आधी आपली सीट टिश्यूनं पुसली, मग माझीही पुसून दिली आणि बसा म्हणाले. मी मागची रिकामी रांग बघितली आणि तिथे जाऊन बसलो.