पाणी मारून घे

जूनच्या सुरुवातीला बाबांची बदली सुरगाण्याला झाली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या शिक्षकाने पावसात घाटातून रोज मोटारसायकलवर ये-जा करू नये, हे आईने त्यांना तीन दिवसांत पटवलं. त्यांनी तिथे खोली घेतली आणि गाडी नाशिकलाच माझ्यावर सोपवली.

ही गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. टाकी काळी, बाकी जिथे शक्य होतं तिथे क्रोम: हँडल, दोन्ही मडगार्ड, सायलेन्सर आणि डाव्या बाजूचा साडीगार्ड. आई एका बाजूला पाय सोडून बसते, तेव्हा तिची साडी त्या गार्डावर टेकते. मी त्याच गाडीवर चालवायला शिकले, रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात. बाबा एका कोपऱ्यात उभे राहायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यांच्याकडे गाडी मागण्याआधी मी ते वाक्य मनात आठवडाभर म्हणून पाहिलं होतं.

"बाबा, ही गाडी मला द्याल का?"

"आधी एक पावसाळा सांभाळून दाखव," ते म्हणाले. "दसऱ्याला बघू."

एसटीत चढताना त्यांनी आणखी एक सूचना दिली. "पाऊस लागायच्या आत साडीगार्डला आणि सायलेन्सरला पाणी मारून घे. विसरू नको."

मी हो म्हटलं. मी शाळा इंग्रजीत शिकले. घरचं मराठी मला येतं, पण मोठी माणसं भराभर बोलू लागली की मधले काही शब्द माझ्या हातून निसटतात आणि मी विचारत नाही. शेवटी सगळं जुळेल अशी वाट बघते. हे वाक्य मात्र सोपं होतं. शेजारचे काका रोज सकाळी पाइप घेऊन त्यांच्या कारला पाणी मारतात, ते मी खिडकीतून बघते. पाणी मारणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं.

माहीत नव्हतं ते एवढंच, की पावसाच्या आधी पाणी कशाला मारायचं. पाऊस स्वतःच पाणी मारणार होता. शिवाय फक्त गार्ड आणि सायलेन्सरलाच का, अख्ख्या गाडीला का नाही? मी माझ्यापुरतं उत्तर तयार केलं: उन्हाळ्याची धूळ क्रोमवर बसलेली असते, त्यावर पाऊस पडला की तिचा चिखल होतो. मग एकदा मारण्यापेक्षा दर रविवारी मारलेलं बरं. पाऊस सुरू झाल्यावरही मी थांबले नाही. साबणाचं पाणी, मग पाइप, मग जाड प्लास्टिकचं कव्हर, खालून दोरीने घट्ट बांधलेलं. कव्हर मी स्वतः निवडून आणलं होतं.

"पाऊस चालू आहे आणि तू गाडी धुतेस?" समोरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं.

"बाबांनी सांगितलंय."

"तुमच्या घरात सगळे मास्तरच गं," असं म्हणत त्या आत गेल्या.

जुलैच्या मध्यावर साडीगार्डच्या जोडाजवळ मला राजगिऱ्याएवढे तांबूस दाणे दिसले. बोटाने घासले तर गेले नाहीत. पुढच्या रविवारी ते जास्त होते. मी जास्त साबण घेतला, जास्त पाणी मारलं. त्याच्या पुढच्या रविवारी ते सायलेन्सरवरही आले. मी जितकी काळजी घेत होते तितकी गाडी बिघडत होती, आणि दोन्हीचा संबंध मला लागत नव्हता. मला वाटायचं, मी कुठेतरी कमी पडतेय.

त्या दिवसांत बाबांचा फोन यायचा तो बाजाराजवळच्या चढावरून, कारण खोलीत रेंज नव्हती.

"पाणी मारलंस ना?"

"हो, दर रविवारी."

"दर रविवारी? कशाला?"

त्यांना ते जास्त वाटलं की कमी, हे आवाजावरून कळेना. मागे एका जीपचा हॉर्न वाजला, कोणीतरी "गुरुजी, बसा, जागा हाय" असं ओरडलं आणि फोन कटला. मी परत लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसराच विषय काढला, मीही पाण्याचा विषय काढला नाही.

मग मी मोबाइलवर वाचायला लागले, इंग्रजीतून, कारण ते मला लवकर वाचता येतं. एकजण म्हणे व्हिनेगर लावा, दुसरा म्हणे व्हिनेगर अजिबात लावू नका. कोणी टूथपेस्ट सांगे, कोणी कोल्ड्रिंक. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला गाडीतलं काय कळतंय? तांब्याच्या हंड्याला आपण चिंच-मीठ लावतो." मी चिंच-मीठ लावलं आणि भांड्यांच्या तारेच्या घासणीने घासलं. डाग फिके झाले. मला आनंद झाला, अर्धा तास. सुकल्यावर गाडी उन्हात आणून पाहिलं तर गार्डावर बारीक रेघांचं जाळं होतं. चार दिवसांनी त्या रेघांतूनच तांबूस रंग वर आला.

दसऱ्याला नऊ दिवस उरले तेव्हा कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून मी साडीगार्ड खोलून घेतला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून रिक्षाने अंबडच्या एमआयडीसीत गेले. तिथे एका शेडमध्ये प्लेटिंगचं काम होतं, असं त्यानेच सांगितलं. रिक्षात बसून मी मराठी वाक्य जुळवत होते: याच्यावरचा गंज काढून मिळेल का? गंज काढतात की घालवतात, याची मला खात्री नव्हती.

शेडमधल्या माणसाचे हात कोपरापर्यंत हिरवट होते. त्याने कागद सोडला, गार्ड उजेडात फिरवला.

"पाणी गेलंय, ताई."

"पाणी गेलं कसं? मी दर रविवारी मारते."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "काय मारता?"

"पाणी. पाइपने."

तो हसला नाही. मागे पॉलिशच्या मशीनवर बसलेला म्हातारा मात्र मशीन बंद करून हसायला लागला. "अरे, तिला सांग ना नीट," तो म्हणाला, "पोरगी झाडाला घालावं तसं घालत बसली."

"ते पाणी नाय ताई," शेडवाला म्हणाला. "सोन्याचं पाणी असतं ना दागिन्यावर? तसं हे. लोखंडावर आधी निकलचं पाणी, त्यावर क्रोमचं. ते झिजलं, बारीक भोकं पडली, की आतलं लोखंड गंज धरतं. मग परत पाणी मारून घ्यावं लागतं. इथं. आमच्याकडं."

पाणी मारून घे. ते 'घे' मी स्वतःसाठी ऐकलं होतं: तू मार. बाबांचं 'घे' दुसऱ्यासाठी होतं: कोणाकडून तरी मारून आण. एकाच वाक्यात दोन शब्द चुकले होते आणि तरी वाक्य मला सोपं वाटलं होतं.

"दसऱ्याच्या आत होईल?"

"दसऱ्याच्या आत?" त्याने भिंतीला टांगलेल्या वस्तूंकडे हात केला. रिम, हँडल, सायलेन्सर, प्रत्येकाला तारेने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर मालकाचं नाव. "ही सगळी दसऱ्याचीच. तुमचं नंतर. नंबर लावून ठेवू? चिठ्ठी कुणाच्या नावानं लिहू?"

मी बाबांचं नाव सांगितलं. गार्ड मात्र परत गुंडाळून घेतला, कारण दसऱ्याला तो गाडीवर हवा होता.

"तार मारली का ह्याच्यावर?" मी निघताना त्याने विचारलं. "नका मारू. पोळीच्या डब्यातला चांदीचा कागद असतो ना, तो ओला करून हलक्या हातानं फिरवा. मग कोरडं करा, लय कोरडं. वरून मेणाचं पॉलिश. अन् ते प्लास्टिकचं कव्हर काढून टाका, आत घाम धरतं."

कव्हरबद्दल त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं.

मी सगळं त्याने सांगितल्याप्रमाणे केलं, सायलेन्सरलाही. गार्ड बसवल्यावर समोरून तो चांगला दिसत होता. आतल्या बाजूला, नळीच्या वळणात, बोट फिरवलं की बोट तांबूस व्हायचं. तिथे कोण बोट फिरवतं, असं मी स्वतःला सांगितलं.

बाबा दसऱ्याच्या आदल्या दिवशी आले. गाडीभोवती एक फेरी मारली, हँडलवर हात फिरवला. "छान ठेवलीयस," ते म्हणाले. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चहा ठेवायला आत गेले.

दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी, आम्ही पांढरे कपडे घालून त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी बुद्धविहारात जातो. बाबा आणि आई गाडीवर, मी बसने किंवा कोणाबरोबर. आई नवी पांढरी साडी नेसून खाली आली. बाबांनी किक मारली. आई नेहमीसारखी डाव्या बाजूने बसायला गेली, पदर एका हातात, निऱ्या दुसऱ्या हातात, आणि मला दिसलं की त्या निऱ्या नळीच्या त्या तांबूस वळणातच टेकणार आहेत. बोलले नाही तर गाडी कदाचित आजच माझी होईल, हेही मला दिसलं.

"आई, बसू नकोस," मी म्हटलं.

"का गं?"

"डाग पडेल. तो जात नाही."

बाबांनी गाडी बंद केली, खाली उतरले, गुडघ्यावर बसले आणि बोट नेमकं त्या वळणात फिरवलं. बोट बघितलं. पांढऱ्या शर्टाला लागू नये म्हणून ते हवेत धरून राहिले.

"पाणी मारलं होतंस ना?"

"मारलं होतं. नळाचं."

आईला आधी कळलं. तिने तोंडावर पदर धरला. "दर रविवारी," ती म्हणाली आणि पायरीवर बसली, हसून हसून तिला उभं राहता येईना. बाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, मला वाटलं रागाने, पण नंतर ते जे बोलले त्यावरून तसं वाटेना.

"मग मी काय म्हणायला हवं होतं?"

"प्लेटिंग."

"मराठीत?"

मला माहीत नव्हतं. त्यांनीही थोडा विचार केला. "मराठीत पाणीच," ते म्हणाले.

मी त्यांना अंबडची शेड, त्यांच्या नावाने लावलेला नंबर, तारेची घासणी, कव्हर सगळं सांगून टाकलं, पाठ केलेलं नसतानाही. आईने दोरीवरचा जुना टॉवेल आणून गार्डाला गुंडाळला, दोन गाठी मारल्या आणि त्यावर साडी सावरून बसली. बाबांनी हेल्मेट घातलं.

"नंबर आला की घेऊन जा," ते म्हणाले. "चिठ्ठीवर माझं नाव खोडून तुझं टाकायला सांग."

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं.

"फक्त चिठ्ठीवर?" मी विचारलं.

हेल्मेटमधून त्यांचा चेहरा दिसत नव्हता. त्यांनी किक मारली, एकदा, दोनदा.

"आधी चिठ्ठीवर," ते म्हणाले आणि निघाले. गार्डावरचा टॉवेल वळणापर्यंत दिसत राहिला.