भट्टीवाल्या फकरुद्दीनचं बोट

फकरुद्दीन वराळ्याचा. लोणावळ्याच्या बाजारात कादर शेठची बेकरी होती. तिथल्या भट्टीच्या तोंडावर तो बावीस वर्षं उभा राहिला. मी त्याच भट्टीला लाकूड फोडून देत असे. माझं गाव नवलाख उंबरे. एकोणीसशे छत्तीस साली मला तिथे अकरा वर्षं झाली होती.

भट्टीचं काम लोकांना सोपं वाटतं. पहाटे लाकडं जाळायची, निखारे बाजूला ओढायचे, तळ ओल्या पोत्याने पुसायचा, मग पाव लावायचे. पाव निघाले की उष्णता उतरू लागते. त्या उतरत्या उष्णतेवर दुपारी नानकटाई आणि बिस्किटं भाजायची. थर्मामीटर नव्हता. फकरुद्दीन कोपरापर्यंत हात आत घालून आकडे मोजायचा. बारापर्यंत हात टिकला तर नानकटाई. आठलाच मागे घ्यावा लागला तर थांबायचं. त्याच्या उजव्या हातावर केस उरले नव्हते.

बावीस वर्षांच्या धगीने आणि धुराने त्याचे डोळे गेले. एकदम गेले नाहीत. आधी बारीक खुणा दिसेनात, मग रंग दिसेना, मग माणूस सावलीसारखा दिसू लागला. हे फक्त मला कळलं होतं, कारण भट्टीपाशी त्याच्याबरोबर मीच असे. तो मला शिकवतोय असं दाखवून विचारायचा.

“सोपान, सांग बरं, कसा रंग आलाय?”

“कडेला तांबूस.”

“मदी?”

“मदी पांढरा.”

“मग थांबायचं. ध्यानात ठेव.”

मी ध्यानात ठेवत होतो. दोन वर्षं त्याने माझ्या डोळ्यांनी भाजलं. लांब दांड्याचं लाकडी फावडं कुठे टेकवायचं, पत्रा किती हात आत सरकवायचा, हे त्याच्या अंगात होतं. शेठला काही कळलं नाही. भट्टीचं तोंड सुटलं तर फकरुद्दीनला दुसरं काम नव्हतं. वराळ्यात त्याची जमीन नव्हती. बायको मदिना लोकांच्या शेतावर खुरपायला जायची.

त्या पावसाळ्यात खोरशेदबाई नावाच्या एक पारशी बाई बेकरीत आल्या. खंडाळ्याच्या बाजूला त्यांचा बंगला होता. मुंबईची अशक्त, आजारातून उठलेली मुलं तिथे हवापालटाला ठेवत. मुलांना रोज बिस्किट हवं होतं. पण डॉक्टरांनी मैदा आणि साखर बंद केली होती. बाईंनी मुंबईहून चॉकलेटच्या वड्या आणल्या होत्या.

“चॉकलेट घालायचा, पण थोडा,” बाई म्हणाल्या. “नाही घातला तर पोरं खातच नाही. बाकी सगळा पौष्टिक पाहिजे.”

शेठने फकरुद्दीनकडे बघितलं. फकरुद्दीन म्हणाला, “नाचणी घालू. गूळ घालू. हुईल.”

त्याने तीन दिवस घेतले. नाचणी भाजून दळली. दोन वाटे नाचणी, एक वाटा गव्हाचं जाडसर पीठ. मैद्याच्या बिस्किटाला लागतं त्याच्या निम्मं तूप. नाचणीला चिकटपणा नसतो, नुसती मळली तर भुगा होतो. म्हणून गूळ दुधात विरघळवून कोमट करून घातला आणि पीठ तासभर ओल्या फडक्याखाली ठेवलं. मग काळे तीळ, खजुराचे तुकडे, चिक्कीचा चुरा. चॉकलेट सुरीने हरभऱ्याएवढं तोडून सगळ्यात शेवटी, हलक्या हाताने. गरम हाताने मळलं तर ते पिठातच विरघळतं. तो आधी विहिरीच्या पाण्यात हात बुडवून यायचा.

पहिला घाणा फसला. चूक माझी होती. त्याने विचारलं, “रंग?” मी म्हणालो, “चांगला तपकिरी झालाय.” त्याने काढला. बिस्किटं आत कच्ची निघाली. नाचणीचं पीठ मुळातच तपकिरी असतं. त्यावर गूळ, त्यावर चॉकलेट. त्याचा रंग बघून काहीच कळत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

बाईंनी माल परत पाठवला. शेठ सगळ्यांसमोर म्हणाला, “म्हातारा झालास का रे, फकरू? कच्चं ढोरांना घालतात.” पाव वाहणारी माणसं हसली. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी फकरुद्दीनने मला काही विचारलं नाही. भट्टीच्या तोंडाशी नाक नेऊन उभा राहिला. आधी दुधाचा वास येतो, मग तिळाचा, मग गुळाचा. गुळाचा वास कडवट व्हायच्या आधी एक क्षण असतो. त्या क्षणाला त्याने पत्रा ओढला आणि एका बिस्किटाच्या मधोमध बोट दाबलं. बोट जरा खाली गेलं आणि अडलं.

“झालं,” तो म्हणाला. मग प्रत्येक बिस्किट तसंच दाबून बघितलं. गरम बिस्किटाला बोटाचा खळगा पडतो आणि निवल्यावर तसाच राहतो.

ती बिस्किटं बंगल्यावर गेली. मुलांनी सगळी संपवली. मुलांना तो खळगाही आवडला, असं बाईंचा माणूस सांगत आला. दर आठवड्याची मागणी पक्की झाली. फकरुद्दीनची मान ताठ झाली. दोन वर्षांत दुसऱ्याच्या डोळ्यांशिवाय भाजता येईल असं पहिलंच काम त्याला मिळालं होतं. पण खळगा पाडायची सवय त्याच्या बोटाला लागली.

दिवाळी आली. लोणावळ्यात तेव्हा घरोघरच्या बायका नानकटाईचं पीठ घरी मळायच्या, पत्र्यावर लावायच्या आणि भाजायला बेकरीत आणायच्या. प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणाची चारोळी, कुणाची लवंग, कुणाचा वेलदोड्याचा दाणा. हिंदू घरांच्या पत्र्यांना एक नियम होता. विस्तवातून निघालेलं चालायचं, मुसलमानाचा हात लागलेलं चालायचं नाही. फकरुद्दीन फावड्याने पत्रा आत ढकलायचा, फावड्यानेच ओढायचा. पुढे मी फडक्यात धरून तो ज्याच्या त्याच्या हाती द्यायचा. बावीस वर्षांत हा नियम त्याने एकदाही मोडला नव्हता.

वसुबारसेला दुपारी पन्नासेक पत्रे रांगेत होते. बाहेर बायकांची गर्दी. मी बेकरीच्या दारात, वर फडकं झाकून आलेले पत्रे देत होतो. मागे भट्टीवर फकरुद्दीन एकटा. रंग सांगायला मी नव्हतो. त्याने वासावर घाणे काढले. एकही करपला नाही, एकही कच्चा राहिला नाही. पण हात घाईत होता, आणि घाईत सवय नियमाच्या पुढे गेली.

धोंडाबाई शिंपिणीने पत्र्यावरचं फडकं उचललं.

“आगं बया! ह्ये काय?”

चारोळीच्या शेजारी, प्रत्येक नानकटाईच्या मधोमध खळगा.

“ह्ये बोट कुनाचं हाय? रं सोपान, ह्ये बोट कुनाचं?”

मागच्या बाईने तिचं फडकं उचललं. तिच्याही तसंच. मग सगळ्याच उचलू लागल्या. अकरा पत्र्यांना खळगे होते.

“लेकीच्या पहिल्या दिवाळसनाचं हाय माजं! जावई येनार हाय! काय खायाला घालू त्याला?”

“सोपाननं दाबलं आसंल, मावशी,” कुणीतरी म्हणालं. “सोपान आपलाच हाय.”

धोंडाबाईने माझ्याकडे बघितलं. “व्हय रं? तुजं बोट हाय का? तुजं आसंल तर काय बी न्हाई. तसं सांग.”

शेठ उठून आला होता. त्याचा चेहरा सांगत होता, हो म्हण. मागे भट्टीच्या तोंडाशी फकरुद्दीन फावडं धरून उभा होता. तोंड माझ्या आवाजाकडे वळवलेलं.

मला एकच शब्द बोलायचा होता. तेवढ्याने बायका पत्रे घेऊन गेल्या असत्या. मला सगळं दिसत होतं. आणि मला हेही दिसत होतं, की अकरा वर्षं मी लाकूड फोडलं आणि ह्या माणसाला दोन वर्षं डोळे दिले, आणि भट्टीचं तोंड त्याचंच राहिलं.

“माजं न्हाई,” मी म्हणालो. “त्याचं हाय. त्याला दिसत न्हाई. दोन वर्सं झाली.”

मग धोंडाबाईने पत्रा पायरीवर उपडा केला. बाकीच्यांनीही केले. नानकटाई पायाखाली गेली. कुत्री आली.

शेठ भट्टीपाशी गेला. एक रिकामा पत्रा फकरुद्दीनच्या पुढ्यात धरला.

“सांग, काय आहे ह्यावर?”

फकरुद्दीनने वास घेतला.

“सांग की. नानकटाई आहे, का पाव आहे?”

“शेठ, वास न्हाई त्याला,” फकरुद्दीन म्हणाला. “मोकळा हाय.”

बरोबर सांगितलं त्याने. पण बायका हसल्या, कारण बोलताना त्याचं तोंड पत्र्याकडे नव्हतं, भिंतीकडे होतं. पाव वाहणाऱ्या एकाने पुढे होऊन त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं. तो हाताने ते शोधत राहिला. पुन्हा हसले.

शेठने अकरा घरांना पीठ आणि तूप भरून दिलं, माझ्या हातून. फकरुद्दीनला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी भट्टीचं तोंड मला मिळालं.

चार दिवसांनी मदिना माझ्या खोलीवर आली. आत आली नाही.

“भाऊ, तुमी एक सबूद बोलला असता.”

“व्हय,” मी म्हणालो.

ती भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, “पावाच्या टायमाला उठून बसत्यात. हात फुडं करून आकडं मोजत्यात. काय करू?”

मी कामावर गेलो.

पाव मला जमले. नानकटाई जमली. रंग बघायचा, काढायचं. नाचणीची बिस्किटं जमली नाहीत. पहिल्या आठवड्यात जळली, दुसऱ्या आठवड्यात कच्ची राहिली. मी नाक नेलं, मला नुसता धूर आला. बोट दाबलं, सगळी सारखीच लागली. बाईंनी निरोप पाठवला की असा माल येणार असेल तर मागणी बंद.

शेठने वराळ्याला माणूस धाडला. फकरुद्दीन आला. शेठने भट्टीच्या तोंडाशेजारी, खाली, राखेच्या जागेवर पोतं टाकून दिलं.

“इथे बसायचं. वास आला की सांगायचं. सोपान काढेल. पगार निम्मा. गिऱ्हाईक आलं की मागे सरकायचं.”

“बरं,” फकरुद्दीन म्हणाला.

तेव्हापासून तो आठवड्यातून दोन दुपारी माझ्या पायांशी बसायचा. माझ्याशी एकच शब्द बोलायचा. “काढ.” मी काढायचो. पत्रा निवायच्या आत तो हात वर करायचा, मी पत्रा खाली धरायचो, तो बोट दाबायचा. बंगल्यावरच्या पारशी मुलांना मुसलमानाचं बोट चालायचं. बेकरीतली माणसं त्याला नाक म्हणू लागली. “नाक आलं का रं?” “नाकाला शिंक आली तर घाना गेला!” कुणी गंमत म्हणून त्याच्यापुढे मिरची जाळायचं. तो खोकायचा, डोळे पुसायचा आणि पुन्हा भट्टीकडे तोंड करून बसायचा.

एकोणचाळीसच्या थंडीत खोरशेदबाई स्वतः आल्या. बरोबर एक मुलगी होती. बंगल्यावर आली तेव्हा तिला उचलून आणली होती, आता चालत होती. बाई खूश होत्या. नवी घोंगडी आणली होती.

“कोण भाजते ही बिस्किटं? त्याला द्यायची आहे.”

शेठने मला पुढे केलं. मी हात जोडले. घोंगडी घेतली.

“काढ,” फकरुद्दीन खालून म्हणाला.

बाई बोलत होत्या. मध्येच पाठ कशी फिरवायची, म्हणून मी थांबलो.

“काढ,” तो पुन्हा म्हणाला. मग उठला. भिंतीला हात लावून फावडं घेतलं, आत घातलं, पत्रा ओढून कट्ट्यावर ठेवला. कुठे धडकला नाही, एक बिस्किट हललं नाही. हाताने पत्रा चाचपला आणि बोट वर केलं.

“अरे, हा कोण?” बाईंनी विचारलं. “आंधळा आहे?”

“म्हातारा आहे, बाई,” शेठ म्हणाला. “धगीला बसतो.”

बाईंनी त्याच्या राखेने भरलेल्या हाताकडे बघितलं. “त्याला हात लावू देऊ नका, हां. पोरं आजारी आहेत.”

शेठ माझ्याकडे बघत होता. घोंगडी माझ्या हातात होती.

फकरुद्दीनने बोट खाली घेतलं. पोतं पायाने शोधलं आणि बसला. बाई गेल्यावर मी दुसरा पत्रा आत ढकलला. बराच वेळ गेला.

“काढ,” तो म्हणाला.

मी काढला. चव्वेचाळीस साली तो मेला, तोवर असंच चाललं. तो पोत्यावर बसल्यापासूनच्या आठ वर्षांत नाचणीचा एकही घाणा करपला नाही.