पहूरच्या बाजारातला रामटंका

लढाईच्या काळात सरकारने रुपयातली चांदी कमी केली आणि जळगावात जो तो नाणं दगडावर आपटून बघू लागला. भाजीवालीसुद्धा रुपया कानाशी नेऊन वाजवायची. सगळ्यांनाच संशयाची सवय लागली होती. मलाही लागली, पण मी संशय नाण्यावर न घेता माणसावर घेतला.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. जुनी नाणी जमवायचा नाद मला वडिलांमुळे लागलेला. गावात हा नाद असलेला ओळखीचा दुसरा माणूस एकच, आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे नाना. जमीन मोजणीच्या खात्यातून ते पेन्शनीत निघाले होते. रविवारी सकाळी ते यायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "काढा बाई तुमचा डबा." मग तासभर आम्ही झिजलेल्या शिवराई नाण्यांवरची अक्षरं लावत बसायचो. लोक आपल्या घरातली जुनी नाणी नानांकडे विश्वासाने सोपवून जायचे, ओळखून द्या म्हणून.

एकदा पहूरच्या बाजारात एका फिरत्या विक्रेत्याकडे मला रामटंका, म्हणजे देवघरात पुजतात ते रामाचं नाणं, मिळाला. एका बाजूला राम-सीता सिंहासनावर, पायाशी मारुती. दुसऱ्या बाजूला धनुष्य घेतलेले दोघे भाऊ. पाहताक्षणी मी तो विकत घेतला. इतकं काळं पडलेलं, इतकं जुनं दिसणारं नाणं मी कधी हातात धरलं नव्हतं. त्याच संध्याकाळी वहीचा कागद त्यावर ठेवून पेन्सिल घासली आणि छाप उतरवून घेतला. मी ते नाणं रोज बाहेर काढून बघायची.

नानांनी ते चार दिवसांसाठी मागून नेलं. परत आणलं तेव्हा ते उजळलेलं होतं. काळेपणा गेला होता, कड पिवळट दिसत होती.

"जरा राखेने घासलं," ते म्हणाले. "बाई, तुम्हाला एक सांगायचं होतं..."

"शाळेची वेळ झालीय, नाना," मी म्हटलं आणि नाणं घेऊन आत गेले.

मला ते हातात हलकं वाटलं. मारुतीही वेगळा वाटला. संध्याकाळी यजमानांना दाखवलं, तर ते पेपरातून मान वर न करताच म्हणाले, "म्हाताऱ्याने बदललं असेल. तुम्हा नादिष्टांचं काय सांगावं!"

त्यांनी ते सहज म्हटलं, पण माझ्या मनात ते रुतून बसलं. दुसऱ्या दिवशी सोनाराच्या दुकानात जाऊन मी नाणं तोलून घेतलं. आधीचं वजन मला ठाऊकच नव्हतं, हे तेव्हा सुचलंही नाही. सोनाराने विचारलं, "बाई, काही फसवणूक?" मी गप्प राहायला हवं होतं. "नानांकडे चार दिवस होतं," एवढंच मी बोलले.

पुढच्या रविवारी नाना आले तेव्हा मी डबा काढला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी कामात आहे म्हणून निरोप दिला. मग ते यायचेच थांबले. वाटेत दिसले की मी त्यांचे हात बघायची. त्यांच्या घरात कुठल्यातरी पेटीत माझा खरा रामटंका आहे, अशी माझी खात्रीच झाली होती.

उन्हाळ्यात बहिणीकडे पाचोऱ्याला गेले. तिला देवाचे टाक करून घ्यायचे होते, म्हणून आम्ही एका कारागिराकडे गेलो. त्याच्या दारात सुपात रामटंके पडलेले. वीस-पंचवीस तरी असतील, सगळे सारखे. मी पिशवीतून माझा काढून त्याच्या पुढे धरला.

तो हसला. "हाऊ आमना घरनाच शे, बाई. मारुतीनं शेपूट दखा, मझार तुटेल शे. आमना साचाच तसा शे."

"पण मी घेतला तेव्हा काळा होता."

"चिंचना पाणीमा ठेवतस, मंग मातीमा गाडतस. लोकेसले जुना आवडस ना!"

तो काही लपवत नव्हता. देवघरात ठेवायला लोक आवडीने नेतात, म्हणाला; जुना म्हणून विकणारे वेगळे. मला मात्र तिथे उभं राहवेना. जळगावला पोचताच आधी वही काढली. नाणं नानांच्या हाती जाण्याआधी उतरवलेल्या त्या छापात मारुतीची शेपटी मधोमध तुटलेली होती.

तशीच नानांकडे गेले. ते ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी सगळं सांगितलं, सोनाराचंही.

"ते मला कळलं होतं," ते म्हणाले. "सोनाराने चार जणांना सांगितलं. हल्ली कुणी नाणी आणून देत नाही माझ्याकडे."

"नाना, माझं चुकलं."

"घासल्यावर पितळ दिसलं. तेच सांगायचं होतं तुम्हाला. पण तुम्ही इतक्या आनंदात होता, की मला ते नीट जमेना." मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "नकली असला तरी हात चांगला आहे हो त्या कारागिराचा. सीतेचा चेहरा पाहिलात?"

मी सोनाराकडे जाऊन माझी चूक कबूल केली. त्याने ऐकून घेतलं. पण पहिली गोष्ट त्याने जितक्यांना सांगितली, तितक्यांना ही सांगितली नसावी. पाचोऱ्याहून मी आणखी दोन रामटंके मागवले आणि एक नानांना दिला. त्यांनी तो देवघरात ठेवला.

नंतर ते पुन्हा रविवारी येऊ लागले. चहा घ्यायचे, गप्पाही मारायचे. मी डबा उघडला की नाणी पाटावर मांडायला सांगायचे आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून, वाकून बघायचे. "घ्या ना हातात," मी दर वेळी म्हणायची.

"दिसतंय इथूनच," ते म्हणायचे.