बालाजी घाटावर एक डोकं जास्त

दीड महिना हे लिहायचं टाळलं. आकडा जुळत नव्हता, म्हणून.

निघाले होते प्रयागला. गाडीत कुणीतरी बनारसच्या मलइयोची, म्हणजे थंडीतल्या केशरी दूधफेसाची, तारीफ केली आणि मी पुढचं तिकीट काढलं. स्टेशनवरून ई-रिक्षाने मैदागिन, मग गल्ल्यांतून पायी. चाकांची बॅग नेऊ नका, सांड वाट देत नाहीत. चाळीस रुपयांत कचोरी-जिलेबीने दुपारपर्यंत भागतं.

मंगला गौरी मंदिराजवळ गोदूताईंकडे खोली मिळाली. बनारसातल्याच जुन्या मराठी घरातल्या, निवृत्त शिक्षिका, एकट्या. बालाजी घाटाला अधिकृत स्नानस्थळाचा दर्जा मिळवायचा, हा एकच ध्यास. मिळाला तर पाण्याची तपासणी होईल, पायऱ्यांना साखळी लागेल. अठरा वर्षांपूर्वी त्यांच्या भावाने, दिनूने, इथे बुडी मारली. कपडे पायरीवर राहिले. तो सापडलाच नाही.

अर्जाला सात सकाळींची मोजणी जोडायची होती. पाण्यात उतरलेली डोकी मी मोजायची. वर येणाऱ्याला ताई गंध लावायच्या, ती त्यांची मोजणी.

पहिल्या दिवशी दाट धुकं. माझी एकतीस, त्यांची तीस.

"अगं, नीट गिन. म्हैस धरलीस का?"

पुढचे दोन दिवस म्हशी वगळल्या. तरी एक जास्तच. चौथ्या दिवशी मी सारनाथला पळाले, माझ्या जागी रामजतन नावाडी बसला. संध्याकाळी भेटला तेव्हा हसला नाही. "बहिनजी, एक ठे ऊपर नाहीं आयल."

एक जण वर आलाच नव्हता, पण कुणी ओरडलं नव्हतं. पायरीवर कुणाचे कपडेही राहिले नव्हते.

सातव्या दिवशी मी विचारलं, "ताई, माझ्यातला एक कमी करू? नाहीतर साहेब अर्ज परत पाठवतील."

त्या गंधाची वाटी पुसत होत्या. "पाठवू दे. एकदा सुटलाय तो गिनतीतून. आता नाही कटवायचा."

अर्ज दोन आकड्यांसह गेला.

नाशकात परतले. काय उरलं म्हणाल, तर गोदाकाठी गेले की आपोआप डोकी मोजते आणि शेवटचा माणूस वर येईपर्यंत हलत नाही.

काल अर्ज परत आला. एक सकाळ पुन्हा मोजा, आकडा एकच हवा. आज ताई आणि रामजतन बसले होते. हे लिहीत असतानाच ताईंचा फोन आला.

"जुळलं गं. दोघांचे अठ्ठावीस."

"मग आवाज असा का?"

"अठ्ठाविसावा आत्ताच वर आला. गंध लावलं. कोरडे कपडे मागतोय. मराठीत."